दिवसाला पाच अंश

कडी तुटली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. ओली शेंग मोडावी तसा 'टक्' एवढाच आवाज आतल्या मायक्रोफोनमधून बाहेरच्या स्पीकरवर आला, आणि रसिका तारीचे हात यंत्राच्या मुठींवर तसेच थांबले.

तिच्यासमोर मीटरभर जाडीची पिवळसर काच होती. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणसाला पाऊल टाकता येत नसे. तिथलं सगळं काम यांत्रिक हातांनी, इकडच्या बाजूला उभं राहून करावं लागे. रसिका ते तेवीस वर्षं करत होती. त्या पोलादी बोटांनी ती सुईत दोरा ओवते असं अणुकेंद्रातले लोक सांगत, आणि ते खरंच होतं. एकदा तिने ओवून दाखवला होता.

"तापमान किती?" मागून डॉ. विदुला राजाध्यक्षांनी विचारलं. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, रसिकापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान.

"दीडशे, मॅडम."

"दीडशेला तुटली?"

"दोन्ही तापमापक तेच दाखवतायत."

"दुसरी लावा."

दुसरीही दीडशेला तुटली. तिसरी रसिकाने मुद्दाम हळू दाबली. कडी जराशी चपटी झाली, आता ही टिकणार असं वाटेपर्यंत तिच्यावर केसासारखी रेघ उमटली आणि ती दोन तुकडे होऊन पडली.  विदुला मॅडम वही घेऊन आपल्या खोलीत गेल्या. रसिकाने यांत्रिक हात जागेवर ठेवले.

कड्या का तुटल्या हे मॅडमना माहीत नव्हतं. रसिकाला होतं.

कासारखोलच्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, काँक्रीटचे बहात्तर उंच गोल बुरूज रांगेने उभे होते. कागदोपत्री त्यांना काहीही नाव असो, गाव त्यांना रांजण म्हणे. प्रत्येक रांजणात वेल्डिंग करून बंद केलेला पोलादी डबा, आणि डब्यात अणुभट्टीतून वापरून काढलेलं इंधन. हे इंधन म्हणजे खडूच्या तुकड्यांएवढ्या काळ्या गोळ्या; त्या झिर्कोनियम धातूच्या लांब, बारीक नळ्यांत भरलेल्या असतात. नळीची भिंत नखाएवढी जाड. तिला कवच म्हणतात. आतलं विष आणि बाहेरचं जग यांच्यात पहिला आडोसा या कवचाचा, दुसरा डब्याचा.

अणुभट्टीत असताना हे कवच भोवतीच्या पाण्यातला थोडा हायड्रोजन पिऊन घेतं. धातू गरम असेतो तो हायड्रोजन विरघळलेला राहतो. गार होऊ लागला की त्याचे कठीण, ठिसूळ पापुद्रे धातूत जमतात. हे पापुद्रे नळीच्या गोलाईबरोबर आडवे बसले तर फारसं बिघडत नाही. पण आतल्या वायूच्या दाबाखाली ते भिंतीच्या आरपार उभे राहू लागले, तर प्रत्येक पापुद्रा ही तयार चीरच असते. मग कवच काचेसारखं होतं. गरम असेतो टिकतं, एका मर्यादेपेक्षा गार झालं की धक्क्याने फुटतं.

ही मर्यादा नेमकी कुठे, ते शोधायला अकरा देशांनी मिळून एक कार्यक्रम हाती घेतला होता. एकाच वेळी घडवलेल्या नळ्यांचे तुकडे अकरा प्रयोगशाळांना वाटले होते. प्रत्येकीने ते आत वायू भरून चारशे अंशांपर्यंत तापवायचे, तासाला पाच अंश या गतीने गार करायचे, त्यांच्या अंगठीसारख्या कड्या कापायच्या आणि दाबून बघायच्या. दहा प्रयोगशाळांच्या कड्या ऐंशी अंशांपर्यंत तुटल्या नव्हत्या. त्या आकड्यांवरून नियमही ठरला होता: आतलं तापमान नव्वदच्या वर असलं, की रांजण हलवायला हरकत नाही. आणि त्या नियमाच्या भरवशावर येत्या सोमवारी कासारखोलचा पहिला रांजण सड्यावरून खाली बंदराच्या धक्क्यावर जाणार होता, तिथून जहाजाने कायमच्या साठवणुकीच्या जागी. त्याच्या आतलं तापमान होतं एकशे अठरा. सगळ्यांत गार म्हणून सगळ्यांत आधी त्याचीच निवड झाली होती.

रसिकाचं तुकडे गार करायचं काम जानेवारीत होतं. भट्टी लावली त्याच दिवशी बंद खोलीतली क्रेन बिघडली आणि अर्ध्या तासात खोली बंद करायचा हुकूम आला. घाईघाईत तिने भट्टीच्या पडद्यावर पाचचा आकडा टाकला आणि 'तास' दाबायच्या जागी 'दिवस' दाबलं. अकरा आठवड्यांनी खोली उघडली तेव्हा भट्टी नुकती कुठे गार झाली होती. तीन दिवसांचं काम चौऱ्याहत्तर दिवस चाललं होतं. नियमाप्रमाणे तुकडे बाद करायला हवे होते. नवे मिळायला वर्ष गेलं असतं, चौकशी झाली असती. तिने नोंदवहीत लिहिलं: तासाला पाच अंश. खाली सही केली.

तेव्हा तिला वाटलं होतं, हळू गार झालं म्हणून काय बिघडणार.

*

शुक्रवारी सकाळी अकरा प्रयोगशाळांची बैठक पडद्यावर भरली. कार्यक्रमाच्या समन्वयक डॉ. इल्डिको हंगेरीच्या, पिकलेले केस, बोलणं सावकाश. त्यांनी आलेख दाखवला. दहा ठिपके एका जागी जमलेले आणि अकरावा दूर, एकटा.

"विदुला, तुमच्या कड्या कापताना धक्का बसला असेल का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"आमच्या ऑपरेटरचा हात उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "पण शक्यता नाकारत नाही."

"मग हा ठिपका सरासरीत धरू नये असं मला वाटतं. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. रसिका मागच्या खुर्चीत बसली होती. एक वाक्य बोललं की पुरे होतं, पण ते ती बोलली नाही. ठिपका पुसला गेला. मॅडमनी जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका, रसिकाताई. होतं असं."

घरी संध्याकाळी तिचा भाऊ संदेश पायरीवर बसून बुटांची नाडी बदलत होता. सड्यावरच्या केंद्रासाठी जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली होती. हक्क मोठ्या मुलाचा, म्हणजे संदेशचा. त्याने तो बहिणीला दिला, कारण तंत्रनिकेतनात ती शिकली होती, तो नाही. तो स्वतः ठेकेदारांकडे अवजड गाड्या चालवत राहिला आणि पंचवीस वर्षांत त्यातला उस्ताद झाला. सोमवारचा ट्रेलर त्याच्या हाती होता. चोपन्न चाकांचा, स्वतःच्या इंजिनावर चालणारा. त्याला ड्रायव्हरची केबिन नसते. चालवणारा गळ्यात नियंत्रणाची पेटी अडकवून शेजारून पायी चालतो. म्हणजे रांजणापासून पाच पावलांवर.

"काय गो, जेवाक नको?" त्याने विचारलं. "तुझा लक्ष खंय आसा?"

"दादा, मोरीवर धक्को बसता काय?"

उतारावर ओढ्याची मोरी होती, दगडी, जुनी.

"थोडोसो बसता. इतक्या वजनाक तो काय कळता?" तो हसला. मग तिच्याकडे बघून हसू आवरलं. "काय झाला?"

"काय नाय," रसिका म्हणाली.

त्या रात्री ती ताट ठेवून पायरीवर येऊन बसली. तिला आत्ता सगळं कळत होतं, आणि कळू नये असं वाटत होतं. सड्यावरचे रांजण तासाला पाच अंशांनी गार होत नव्हते. वर्षाला चार-पाच अंशांनी होत होते. धातू जितका सावकाश गार होईल तितके ते पापुद्रे सवडीने, लांबच लांब वाढणार. जगातल्या दहा प्रयोगशाळांना थांबायला वेळ नव्हता म्हणून त्यांच्या कड्या टिकल्या होत्या. तिच्या चुकीने रांजणाच्या पोटातलं खरं काय ते दाखवलं होतं. आणि ते खरं आहे हे पटवायचा एकच मार्ग होता. मी खोटं लिहिलं, असं सांगायचं.

*

शनिवारी सकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ही नोंद अकरा देशांत गेलीय. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"तुमची नोकरी जाईल. माझीही जाईल कदाचित." त्या उठून खिडकीशी गेल्या. तिथून रांजणांची पहिली रांग दिसायची. मग त्यांनी वेगळ्याच आवाजात विचारलं, "दिवसाला पाच?"

"हो."

"तुटलेली कडी काढा. घासून सूक्ष्मदर्शकाखाली घालू."

घासायला, चकचकीत करायला, आम्लाने धुवायला रविवार दुपार झाली. पडद्यावर कवचाची भिंत आली. पापुद्रे आडवे असायला हवे होते. ते काळ्या केसांसारखे भिंतीच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सरळ उभे होते.

मॅडमनी चित्र इल्डिकोंना पाठवलं आणि फोन लावला. रसिकाला समोर बसवून तिलाच बोलायला लावलं. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, 'अवर' नि 'डे' मध्ये घोटाळा होऊ नये म्हणून दोनदा सांगितलं. 

"आम्ही सगळ्यांनी घाई केली," इल्डिको म्हणाल्या. "मी आत्ता लिहिते. तुमचा रांजण हलवू नका. माझ्या देशातले थांबवायला मला आजच फोन करावे लागतील."

त्यांचं पत्र रविवारी संध्याकाळीच आलं. केंद्रसंचालकांनी ते सोमवारी सकाळी सात वाजता वाचलं आणि मॅडमना फोनवर सांगितलं, की एका बाद नमुन्यावरून, तोही खोट्या नोंदीचा, चार वर्षांचं नियोजन थांबवता येत नाही, समितीपुढे ठेवू. रांजण साडेसहालाच क्रेनने ट्रेलरवर चढवला होता. गाडी निघाली होती.

मॅडम फोन तसाच हातात धरून उभ्या होत्या. "मी दिल्लीला वरिष्ठांना लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही—"

रसिका तोवर दाराबाहेर पडली होती.

*

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी दोरी बांधली होती आणि दोरीमागे गाव जमलं होतं. ट्रेलर माणसाच्या चालीने येत होता. वर रांजण, दोन मजली घराएवढा, आणि शेजारी गळ्यात पेटी घेऊन संदेश. मोरी तिथून चारशे पावलांवर असेल.

धावत जाऊन गाडीपुढे आडवं व्हावं असं रसिकाला वाटलं, आणि त्याच क्षणी पुढचं सगळं तिला दिसलं. ती आडवी आली तर दादा लाल बटण दाबणार. चोपन्न चाकं एकदम थांबणार. जो धक्का टाळायचा तोच ती देणार.

ती दोरीखालून आत शिरली, चालत त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पावलांना पाऊल मिळवून चालू लागली. पहारेकरी ओरडला. संदेशने मान न वळवता विचारलं, "तू हय काय करतंस?"

"दादा, गाडी थांबव. पण एकदम नको. सावकाश."

"कित्याक?"

तिने सांगितलं. चालता चालता, हलक्या आवाजात, नजर पुढच्या रस्त्यावर ठेवून. भट्टी, दिवस, तास, तुटलेल्या कड्या. आतल्या नळ्या आता काचेच्या झाल्यायत, मोरीवर फुटतील. त्याचा अंगठा पेटीच्या दांड्यावर होता आणि ती त्या अंगठ्याकडे बघत होती. तीनशे पावलं. अडीचशे.

"तू खोटा लिवलंस?"

"होय."

"तुझी सही?"

"माझी."

पुढची वीस-पंचवीस पावलं तो तसाच चालत राहिला. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. मग दांडा कळत न कळत मागे आला. इंजिनाचा आवाज खाली उतरत गेला, चाकं जड होत गेली, आणि मोरीच्या अलीकडे साठ-सत्तर पावलांवर गाडी अशी थांबली की कधी थांबली ते कळलं नाही.

पहारेकरी धावत आले, संचालकांची गाडी आली. त्यांच्यामागून विदुला मॅडम आल्या, त्यांच्या हातात वायू मोजायचं यंत्र होतं.  रांजणाच्या तळाशी हवा खेळायला झरोके असतात, त्यातल्या एकात मॅडमनी यंत्राची नळी धरली आणि उभ्या राहिल्या. रसिका त्यांच्या पाठीकडे बघत होती. पाठ हळूहळू ताठ झाली.

"क्रिप्टॉन आहे," त्या म्हणाल्या. "काल इथे शून्य होतं."

आकडा लहान होता, अंगाला बाधेल असा नव्हता. पण क्रिप्टॉन वायू कवचाच्या आत कोंडलेला असतो. तो झरोक्यात आला याचा अर्थ सकाळी क्रेनने उचलतानाच आत काही नळ्या फुटल्या होत्या. आणि वीस वर्षं खाऱ्या वाऱ्याने डब्याचा वेल्डही कुठेतरी चिरला होता. दोन्ही आडोसे गेले होते. अजून एक चांगला धक्का बसता, तर झरोक्यातून नुसता वायू आला नसता, काळी धूळ आली असती. दोरीमागच्या गावावर समुद्रावरचा वारा वाहत होता.

संचालकांनी यंत्राचा आकडा स्वतः वाचला.  "लोकांना मागे घ्या," ते म्हणाले. "सगळ्यांना. सड्यापलीकडे."

लोक आधी हलेनात, मग एकदम धावू लागले. चपला रस्त्यात पडल्या. पण ट्रेलर तसाच सोडता येत नव्हता. त्याचं वजन तेलाच्या दाबावर तोललेलं होतं. दाब हळूहळू सोडून तो लोखंडी टेकूंवर बसवायला हवा होता, आणि ते काम पेटीवाल्याचंच.

"किती वेळ लागेल?" मॅडमनी विचारलं.

"सावकाश करायचं तर पाऊण तास," संदेश म्हणाला. मग रसिकाकडे वळून, "तू जा. मी आसंय हय."

"मी थांबतंय."

"जा म्हणतंय ना."

ती गेली. आयुष्यात तिला कशाची लाज वाटली असेल तर त्या पावलांची. सड्याच्या कडेवरून तिने पाहिलं, रिकाम्या रस्त्यावर पांढऱ्या रांजणाशेजारी एकटा माणूस उभा, गळ्यात पेटी घेऊन, आणि गाडी बोटाबोटाने खाली बसते आहे. पाऊण तास म्हणाला होता. सव्वा तास लागला. प्रत्येक मिनिटाला तिला तो शेंग मोडल्यासारखा आवाज ऐकू येई आणि तो खरा नसे.

*

रांजण रस्त्यावरच राहिला. इल्डिकोंनी सुचवलं, तो तापवा. कवच पुन्हा गरम झालं की लवचीक होतं, मग हलवता येईल. झरोके गाळण्या लावून झाकले, भोवती विजेच्या उबेचे जाड पट्टे गुंडाळले. दिवसाला चार-पाच अंश, यापेक्षा घाई करायची नाही असं ठरलं. दिवसाला पाच अंशांनी गार करून दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेचा आकडा यायला अजून तीन महिने होते. हे सगळं रसिकाच्या एका कडीच्या चित्रावर आणि तिच्या शब्दावर चाललं होतं, जिचा शब्द आता कागदोपत्री खोटा ठरला होता. तिला निलंबनाचं पत्र आलं. चौकशीत तिला विचारलं, भट्टी बरोबर लावली असती तर काय झालं असतं. ती म्हणाली, कड्या तुटल्या नसत्या, अहवाल चांगला आला असता, आणि आज तुम्ही इथे बसलेले नसता. ते कुणी लिहून घेतलं नाही.

संदेश तिच्याशी बोलत नव्हता. जेवायला वाढलं की जेवे, ताट उचलून ठेवी. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या हेही तिला मॅडमकडून कळलं. गाव पाहुण्यांकडे पांगलं होतं. वाडीत चार-दोन घरांत दिवा असे.

एकोणिसाव्या दिवशी आतलं तापमान दोनशेवर गेलं. गाडी सड्यावर परत न्यायची ठरली, सहाशे पावलं, चढाची. संदेशने सकाळी बूट घातले आणि दारात थांबला.

"चल," तो म्हणाला.

"माका आत सोडूचे नाय."

"तू माझ्यावांगडा चल, कोण अडवता बघूया."

कुणी अडवलं नाही. त्याने पेटी गळ्यात घातली.   त्याने दांडा पुढे केला. झरोक्याशी बसवलेल्या यंत्राचा आकडा मॅडम मागून दर दहा पावलांना मोठ्याने वाचत होत्या आणि रसिका त्याच्या शेजारून चालत होती. आकडा वाढला नाही. शंभर पावलांनी वाढला नाही, चारशेंनी नाही. फाटकाच्या उंबऱ्यावर पुढची चाकं किंचित उचलली गेली. मॅडमनी आकडा वाचला. तोच होता.

अकराच्या सुमारास रांजण आपल्या चौथऱ्यावर बसला. संदेशने पेटी काढून खाली ठेवली आणि तो जागीच जमिनीवर बसला. रसिका त्याच्याजवळ बसली. समोर बाकीचे एकाहत्तर रांजण रांगेत उभे होते. कालच्यापेक्षा आज किंचित गार. उद्या याहून गार.

त्याने त्या रांगांवरून नजर फिरवली. मग एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून त्याने विचारलं,

"आता फुडचो कधी तापवूचो?"